सोशल लॉगिन, मोबाइल ॲपमधील

सोशल लॉगिन, मोबाइल ॲपमधील : गुगल, फेसबुक, ॲपल यांसारख्या सेवेत आधीच असलेल्या खात्याच्या भरवशावर दुसऱ्याच कोणाच्या मोबाइल ॲपमध्ये प्रवेश देण्याची व्यवस्था. ॲप स्वतः पासवर्ड मागत नाही आणि साठवतही नाही; समोरची व्यक्ती कोण हे ओळख देणारी सेवा सांगते व ॲप ते मान्य करते. गुगल व ॲपल ही काटेकोर अर्थाने समाजमाध्यमे नव्हेत, पण रूढीने ही संज्ञा त्यांनाही लावली जाते. प्रस्तुत नोंदीत तीच रूढी पाळली आहे.

‘सत्रारंभ’, ‘सनोंद प्रवेश’ असे पर्याय लिखित मराठीत आढळतात. बोलण्यात मात्र ‘लॉगिन’च स्थिरावले आहे. पुण्यातील ॲप बनवणाऱ्यांच्या तोंडी ‘गुगलनी लॉगिन टाकलंय’ असा प्रयोग असतो. त्यातले ‘टाकणे’ लक्षात घेण्याजोगे आहे. पोह्यांवर कोथिंबीर टाकावी तितके हे काम सरळ असल्याचा भास त्यातून होतो.

उगम : या पद्धतीची सुरुवात कोठे धरावी याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये आणलेले ‘पासपोर्ट’ हे तिचे पहिले रूप होय. एकच खाते अनेक संकेतस्थळांवर चालावे ही कल्पना त्यात होतीच. पण आपल्या गिऱ्हाइकांची वही एकाच कंपनीच्या हाती द्यायला इतर व्यापारी राजी नव्हते. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या पुढाकाराने ‘लिबर्टी अलायन्स’ हा प्रतिगट उभा राहिला आणि पासपोर्ट मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सेवांपुरते उरले.

दुसरे मत ओपनआयडी या खुल्या ओळखपद्धतीला अग्रमान देते. ब्रॅड फिट्झपॅट्रिक याने मे २००५ मध्ये लाइव्हजर्नल या अनुदिनी (ब्लॉग)-संकेतस्थळासाठी ती रचली. एका ठिकाणच्या लेखकाला दुसऱ्याच्या अनुदिनीवर नवे खाते न उघडता अभिप्राय लिहिता यावा, एवढाच मूळ हेतू होता. ओळख म्हणून माणसाने स्वतःचा वेबपत्ता द्यायचा आणि तो पत्ता त्याचाच आहे याची ग्वाही त्याच्या सेवेने द्यायची, अशी ही रचना. तिच्यावर कोणाची मालकी नव्हती हा तिचा गुण. सामान्य माणसाला स्वतःचा वेबपत्ता टंकण्याची सवय नव्हती ही अडचण.

तिसऱ्या मताचे लोक ओऑथ या नियमावलीपासून आरंभ धरतात. नोव्हेंबर २००६ च्या सुमारास ट्विटरमधील ब्लेन कुक ओपनआयडी बसवण्याच्या प्रयत्नात होता. ख्रिस मेसिना, डेव्हिड रेकॉर्डन आणि मॅग्नोलिया या सेवेचा लॅरी हाफ यांच्याशी झालेल्या चर्चेत असे दिसून आले, की एका सेवेतील माहिती दुसऱ्या सेवेला पासवर्ड न सांगता वापरू देण्याचा खुला नियमच उपलब्ध नाही. तो लिहिण्यासाठी एप्रिल २००७ मध्ये लहानसा गट जमला व डिसेंबर २००७ मध्ये पहिली अंतिम आवृत्ती निघाली. म्हणजे सुरुवात लॉगिनच्या प्रश्नापासून झाली, पण हाती आले ते लॉगिन नव्हते, परवानगीपत्र होते. पुढचे बहुतेक घोटाळे या एका वळणाशी जाऊन भिडतात.

चौथे मत फेसबुक कनेक्टचे. मे २००८ मध्ये जाहीर झालेली ही सेवा डिसेंबर २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि मार्च २००९ मध्ये तिची आयफोन-आवृत्ती आली. निळे बटण, नावासकट फोटो आणि मित्रांची यादी ही त्रयी येथे प्रथम एकत्र दिसते. ‘सोशल’ हे विशेषण ज्यामुळे सार्थ ठरते तो भाग याच टप्प्यावर आला, म्हणून बटणाचा आरंभ २००८ असा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. बटणामागच्या यंत्रणेचा उगम मात्र ओऑथमध्येच शोधावा लागतो.

ओऑथच्या पहिल्या आवृत्तीत २००९ मध्ये एक दोष सापडला : हल्लेखोराने सुरू केलेली विनंती दुसऱ्याच्या हातून मंजूर करून घेता येत होती. त्याच वर्षी जूनमध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. आवृत्ती २.० ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९ म्हणून प्रसिद्ध झाली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). तिचा प्रमुख लेखक एरान हॅमर याने तीन महिने आधीच अंग काढून घेऊन मसुद्यावरचे आपले नावही मागे घेतले होते. नवी रचना अतिसैल झाली असून ती सुरक्षित ठेवणे सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्याबाहेरचे ठरेल, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. आक्षेप अगदीच अनाठायी नव्हता हे पुढील काळात दिसून आले, तरी २.० नेच जग व्यापले हेही खरे. ओळख पटवण्याचा जो भाग ओऑथमध्ये नव्हता, तो तिच्यावर चढवून ओपनआयडी कनेक्ट ही नियमावली २६ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रसृत झाली. नावात ओपनआयडी असली तरी जुन्या ओपनआयडीशी तिचे नाते बव्हंशी नावापुरतेच आहे.

ओळख व परवानगी : हा भेद एका जुन्या पुणेरी व्यवहारावरून समजतो. पुण्यात शिकायला येणारा गरीब विद्यार्थी गावाकडच्या कोणाची तरी चिठ्ठी घेऊन येई व तिच्या बळावर त्याचे जेवणाचे वार लागत. ‘हा अमक्याचा मुलगा’ असे लिहिलेली चिठ्ठी ओळख देते. ‘चिठ्ठी आणणाऱ्याजवळ माझे पुस्तक द्यावे’ ही मात्र नुसती परवानगी होय. ती वाटेत पडली आणि दुसऱ्याने उचलून आणली, तरी पुस्तक त्याला मिळते. ओऑथचे ॲक्सेस टोकन, म्हणजे सेवेने ॲपला दिलेली अंकीय चिठ्ठी, या दुसऱ्या जातीचे आहे : ज्याच्या हाती, त्याचा अधिकार. ओपनआयडी कनेक्टचे आयडी टोकन पहिल्या जातीचे; त्यात चिठ्ठी कोणी लिहिली, कोणाविषयी लिहिली, कोणत्या ॲपला उद्देशून लिहिली व ती केव्हापर्यंत चालेल हे सारे नमूद असते आणि खाली अंकीय सही असते.

ॲपच्या सर्व्हरने ही चारही कलमे व सही तपासणे बंधनकारक आहे. यातले ‘कोणाला उद्देशून’ हे कलम सर्वाधिक दुर्लक्षिले जाते. ते न तपासल्यास एखाद्या फुटकळ खेळाच्या ॲपने मिळवलेली चिठ्ठी बँकेच्या ॲपपुढे धरता येते. फोनवरच्या ॲपने ‘हा माणूस अमुक आहे’ असे नुसते कळवावे आणि सर्व्हरने ते निमूट मानावे, ही त्याहून ढोबळ चूक. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतील तीन संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिका व चीनमधील ६०० लोकप्रिय अँड्रॉइड ॲप तपासली. त्यांतील १८२ ॲपमध्ये सोशल लॉगिनची सोय होती, आणि त्यांपैकी सुमारे ४१ टक्के ॲपमध्ये अशा प्रकारची उणीव आढळली.

फोनवरील परतीचा प्रश्न : संकेतस्थळावर हा व्यवहार एका ब्राउझरच्या आतच उरकतो. फोनवर ॲपमधून बाहेर जाऊन संमती द्यायची आणि पुन्हा त्याच ॲपमध्ये परतायचे असते. सगळी तांत्रिक गुंतागुंत या परतीच्या वाटेवर आहे. प्रारंभी ॲप आपल्या पोटातच छोटी वेबखिडकी उघडून तीत गुगलचे पान दाखवत. खिडकी ॲपचीच असल्याने तीत टंकलेला पासवर्ड ॲपला वाचता येई; म्हणजे ज्यापासून सुटका हवी होती तेच पुन्हा पदरी पडे. गुगलने एप्रिल २०१७ पासून अशा खिडक्यांतून येणाऱ्या विनंत्या नाकारायला सुरुवात केली. अँड्रॉइडवर फेसबुकने तेच ऑक्टोबर २०२१ मध्ये केले. ऑक्टोबर २०१७ मधील आरएफसी ८२५२ ने फोनचा खरा ब्राउझर किंवा त्याचा सुरक्षित आविष्कारच वापरावा असा दंडक घातला. अँड्रॉइडवर कस्टम टॅब व आयफोनवर वेब-प्रमाणीकरण सत्र ही त्याची रूपे.

परतीसाठी ॲप स्वतःचा खास पत्ता नोंदवते. पण तोच पत्ता फोनवरील दुसरे एखादे ॲपही नोंदवू शकते आणि मधल्यामध्ये संमतीचा कोड, म्हणजे संमतीनंतर सेवेने पाठवलेला व पुढे टोकन मिळवून देणारा संकेत, पळवू शकते. त्यावरचा उतारा सप्टेंबर २०१५ च्या आरएफसी ७६३६ मध्ये आहे. त्याला ‘पिक्सी’ म्हणतात. विनंती करतानाच ॲप ४३ ते १२८ अक्षरांचे एक यादृच्छिक गुपित तयार करते, त्याचा केवळ गणिती ठसा (हॅश) सेवेकडे पाठवते आणि कोडच्या बदल्यात टोकन घेताना मूळ गुपित दाखवते. ठशावरून गुपित काढता येत नसल्याने चोरलेला कोड चोराच्या उपयोगी पडत नाही. मुळात फोन-ॲपसाठी योजलेली ही युक्ती पुढे सर्वच प्रकारच्या वापरासाठी शिफारसपात्र ठरली. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० मध्ये तसे नमूद आहे.

अँड्रॉइडवर आणखी एक खोच आहे. गुगल व फेसबुक दोघेही ॲपची ओळख पॅकेजचे नाव आणि सहीच्या प्रमाणपत्राचा ठसा यांवरून पटवतात. विकासकाच्या संगणकावरील चाचणी-आवृत्तीची सही एक, प्रकाशनाची दुसरी, आणि प्ले स्टोअरने ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपसाठी सहीचे काम स्वतःकडे घेतल्यामुळे तिथली तिसरी. तिन्ही ठसे नोंदवले नाहीत तर ‘माझ्या फोनवर चालतं, स्टोअरवरून घेतलं की चालत नाही’ ही प्रसिद्ध तक्रार उद्भवते. गुगलच्या जुन्या पद्धतीत तिथे १० क्रमांकाची चूक दिसे, आणि ती नेमके काय चुकले हे मात्र सांगत नसे. आता त्या पद्धतीची जागा अँड्रॉइडच्या क्रेडेन्शियल मॅनेजर या लॉगिन-सुविधेने घेतली आहे.

ॲपलचे नियम : ॲपलने स्वतःचे बटण जून २०१९ मध्ये जाहीर केले आणि दुसऱ्या सेवेचे लॉगिन देणाऱ्या ॲपनी तेही द्यावे अशी अट घातली, जुन्या ॲपसाठी मुदत ३० जून २०२० पर्यंत होती. जानेवारी २०२४ पासून अट सैल होऊन, केवळ नाव व ईमेल घेणारी, ईमेल लपवू देणारी आणि संमतीविना जाहिरातींसाठी माग न काढणारी कोणतीही समकक्ष सेवा चालते. ॲपल वापरकर्त्याचे नाव फक्त पहिल्या खेपेस देते. तेव्हा ते जपून ठेवले नाही तर पुढे मिळत नाही. खऱ्या ईमेलऐवजी फिरवाफिरवीचा, म्हणजे आलेली पत्रे खऱ्या ईमेलकडे वळवणारा, पत्ताही येऊ शकतो. त्यामुळे ईमेल ही खात्याची किल्ली मानणे चूक होय. सेवेने दिलेला स्थिर क्रमांकच किल्ली धरावा. ईमेलवरच विसंबल्यास एकाच माणसाची गुगलवरून एक व ॲपलवरून दुसरी अशी दोन खाती बनतात आणि त्याने भरलेले पैसे भलत्याच खात्यात दिसतात. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते तिथे ते आतूनच पुसताही आले पाहिजे, ही अट ३० जून २०२२ पासून लागू आहे.

परावलंबित्व : सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने टोकनचोरी उघड केली. आधी सुमारे ५ कोटी आणि पुढील तपासाअंती सुमारे ३ कोटी खात्यांची टोकने गेल्याचे सांगण्यात आले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले असताना, फेसबुकची यंत्रणा सुमारे सहा तास कोलमडली आणि तिच्या बटणावर विसंबलेल्या असंख्य परक्या ॲपची दारेही त्याबरोबर लागली.

पुणे व भारत : सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेतील १९९०-९१ च्या सुमाराच्या पहिल्या तीन केंद्रांत बंगळूर व भुवनेश्वर यांच्याबरोबर पुणे होते, सी-डॅकची (प्रगत संगणन विकास केंद्राची) स्थापना येथे १९८८ मध्येच झाली होती. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, मगरपट्टा व खराडी येथील कंपन्यांत परदेशी ग्राहकांसाठी ॲप बनतात, तेव्हा गुगल-ॲपलची जोडी बहुधा गृहीत असते. शहरातल्याच गिऱ्हाइकासाठी, म्हणजे खानावळीच्या डब्यांसाठी, ढोल-ताशा पथकाच्या नोंदणीसाठी किंवा अभ्यासिकेच्या जागांसाठी ॲप असेल तर मोबाइल क्रमांक व ओटीपीकडे कल दिसतो. पथकाच्या वादकाला सरावाची वेळ फोनवरच कळवायची असते. त्याचा ईमेल घेऊन करायचे काय? उलट बाजूने, प्रत्येक ओटीपीच्या एसएमएसला पैसे पडतात व गुगलच्या बटणाला पडत नाहीत, हा हिशेब छोट्या संस्थेला लवकर पटतो. तेव्हा दोन्ही ठेवले जातात आणि वर सांगितलेला दुहेरी खात्यांचा प्रश्न तिसऱ्या अंगाने परत येतो. शासकीय सेवांसाठी डिजीलॉकर, ई-प्रमाण व जनपरिचय या सरकारी ओळखव्यवस्थांना एकत्र आणणारे ‘मेरी पहचान’ जुलै २०२२ मध्ये सुरू झाले. त्याचा नमुना तोच आहे, फक्त ओळख देणारे सरकार आहे.

अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य दायित्वांना १८ महिन्यांची मुदत आहे. गुगलच्या पडद्यावर दिलेली संमती ही गुगलने माहिती पुढे द्यावी यासाठीची असते. ॲपने त्या माहितीचे पुढे काय करायचे यासाठीची सूचना ॲप चालवणाऱ्यालाच द्यावी लागते, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय वापरकर्त्याला असला पाहिजे. १८ वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. अकरावी-बारावीच्या शिकवण्यांची ॲप या तरतुदीच्या थेट कक्षेत येतात, आणि लॉगिनच्या बटणातून येणाऱ्या नाव, ईमेल व फोटोवरून वयाचा पत्ता लागत नाही.