रोही धडकला, गाडी ‘टोटल लॉस’ झाली: विम्याचा क्लेम आणि आरसी रद्द करण्याची प्रक्रिया

रात्री महामार्गावर रोही (नीलगाय) आडवा आला की धडक त्याच्या पायांना बसते आणि अख्खं धूड बॉनेटवरून काचेवर येतं. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर भरतो. रेडिएटर, बॉनेट, काच, छताचे खांब असं सगळं एकदम जातं, एअरबॅग उघडतात आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला सांगतो, “साहेब, हिच्यावर पैसे घालू नका.” त्यानंतर काय करायचं ते इथे लिहितोय. क्लेमचे पैसे मिळाले की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं, पण आरटीओतलं अर्धं काम तेव्हा बाकीच असतं.

जागेवर काय करायचं

कोणी जखमी असेल तर आधी ११२ किंवा १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. प्राणी जखमी असो वा मेलेला, महाराष्ट्रात वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे. जखमी रानडुकराच्या किंवा बिबट्याच्या जवळ जाऊ नका. मेलेल्या प्राण्याला हात लावू नका आणि कोणी मांस न्यायला आलं तर त्यात पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मेलेला वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता असते. वनविभागाने पंचनामा केला तर त्याची प्रत मागून घ्या, क्लेमला तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

गाडीचे फोटो नंबरप्लेटसकट काढा. गाडी धुऊ नका. ग्रिलमध्ये अडकलेले केस आणि रक्ताचे डाग सर्व्हेयरला (विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला माणूस) बघू द्या.

एक चूक फार महागात पडते. गाडी चालू होतेय म्हणून लोक ती तशीच घरापर्यंत रेटतात. फुटलेल्या रेडिएटरमधून कूलंट गळून गेलेलं असतं, काही किलोमीटरांत इंजिन जाम होतं. पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की दुरुस्तीआधी गाडी चालवल्यामुळे नुकसान वाढलं तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. तेव्हा टोइंगच बोलवा, आणि त्याचं बिल जपून ठेवा.

क्लेम कोणाला मिळतो

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. पॉलिसीत ‘ओन डॅमेज’ भाग हवा. प्राण्याची धडक बाह्य कारणाने झालेल्या अपघातात मोडते, तिच्यासाठी वेगळं ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेलं संरक्षण) लागत नाही. चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं, तो नशेत नसावा आणि खासगी गाडी भाड्याने फिरवलेली नसावी.

टोटल लॉस कशाला म्हणतात

सगळा हिशेब आयडीव्हीवर चालतो. आयडीव्ही म्हणजे पॉलिसीवर छापलेली गाडीची विमा किंमत. गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही सहा लाख असेल तर रेषा साडेचार लाखांवर. गॅरेजचं पहिलं एस्टिमेट वरवर बघून केलेलं असतं, गाडी उघडली की आकडा चढतो. म्हणून काठावरचा मामला असेल तर गाडी खोलून पुन्हा एस्टिमेट करायला सांगा.

आता घासाघीस होते ती जागा. “बाजारात एवढ्या जुन्या गाडीला इतके कोण देतं?” असं ऐकवून कमी रकमेवर सही मागितली जाते. मान्य करू नका. टोटल लॉसच्या क्लेमसाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीची बाजारकिंमत धरायची आणि तिच्यावर पुन्हा घसारा लावायचा नाही, हे पॉलिसीतच छापलेलं असतं. कापली जाते ती सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यावर २,०००. शिवाय स्वेच्छेने जास्त वजावट घेतली असेल तर तीही. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे ॲड-ऑन घेतलेलं असेल तर आयडीव्हीऐवजी इन्व्हॉइसची किंमत मिळते. झिरो डेपचा (सुट्या भागांवर घसारा न कापणारं ॲड-ऑन) मात्र इथे उपयोग नाही.

कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेयर २४ तासांत नेमायचा असतो, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. प्रत्येक बोलणं ईमेलवर उतरवलं असेल तरच हे दिवस मोजता येतात.

कागदपत्रं

सही केलेला क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, चालकाचं लायसन्स, गॅरेजचं एस्टिमेट, पॅन व आधार, रद्द केलेला चेक आणि गाडीच्या दोन्ही चाव्या. माणूस जखमी असेल तर पोलिसांची कागदपत्रं लागतात. नसेल तरी ठाण्यात नोंद करून ठेवलेली बरी.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेकडून थकबाकीचं पत्र घ्या. रक्कम आधी बँकेला जाते, उरलेली तुम्हाला. थकबाकी क्लेमपेक्षा जास्त असेल तर फरक तुम्ही भरायचा, गाडी नसली तरी हप्ता माफ होत नाही. कर्ज मिटल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा.

सांगाडा आणि आरसी

कंपनी साधारण दोन पर्याय देते. एक, सांगाड्याची किंमत वजा करून उरलेली रक्कम घ्या आणि सांगाडा स्वतःकडे ठेवा. दोन, पूर्ण रक्कम घ्या आणि गाडी कंपनीच्या हवाली करा. माझं मत दुसऱ्या पर्यायाला. पहिल्यात भंगारवाला शोधण्यापासून सगळा व्याप आपल्या गळ्यात येतो.

पर्याय कोणताही घ्या, मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे होऊ नका. मोडलेल्या गाडीची आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला चिकटवायचा धंदा जुना आहे. आरसीवर ज्याचं नाव, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी तीन हातांतून फिरली तरी नोटीस तुमच्याच दारात येते.

गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवून मूळ आरसी जमा करायची असते. अर्जासोबत कंपनीचं टोटल लॉसचं पत्र, ओळखपत्र, कर्ज असल्यास बँकेची एनओसी आणि थकीत चलनं भरल्याची पावती जोडा. बऱ्याच ठिकाणी चेसिस नंबर असलेला पत्र्याचा तुकडाही कापून आणायला सांगतात, त्यामुळे गाडी हलण्याआधी आरटीओत विचारून या.

सांगाडा स्वतःकडे ठेवला असेल तर तो नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. अपघातात मोडलेली गाडी तिथे घेतात आणि ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ देतात. ते दाखवून नवी खासगी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं आणि रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते.

क्लेम अडला तर

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, मग ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही, वकील लागत नाही.

फास्टॅग बंद करायला विसरू नका. पंधरा-वीस दिवसांनी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. तिथे अजून ‘ॲक्टिव्ह’ दिसत असेल तर अर्जाची पोच घेऊन पुन्हा आरटीओत जा.