आवाज, शॉक आणि चुंबक

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. तरीही कोकणात कुणाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, की आधी देवाला कौल, मग भगत आणि सगळं करून थकल्यावर रत्नागिरी, हा क्रम अजून बऱ्याच घरांत दिसतो. ‘तिथे करंट देतात’ ही धास्ती तर पक्की. त्यामुळे स्किझोफ्रेनियावर, म्हणजे असे आवाज ऐकू येणाऱ्या मनाच्या आजारावर, चुंबकाचा उपचार म्हटलं, की ‘म्हणजे शॉकच ना?’ असं हमखास विचारलं जातं.

नाही. शॉक १९३८ चा, रोमच्या सेर्लेत्ती आणि बिनी यांचा. त्यात मुद्दाम फिट आणतात. पूर्वी भूल न देताच आणत, धास्ती तिथूनच आली. २०१७ च्या कायद्याने भुलीशिवाय शॉक द्यायला बंदी आहे.

चुंबकाचं मूळ फॅरेडेच्या १८३१ च्या शोधात आहे: बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेची कॉइल धरून कळ दाबली आणि मेंदूत निर्माण झालेल्या विजेने समोरच्याचा हात आपोआप हलला. कवटीला धक्का नाही, भूल नाही. आजही रुग्ण खुर्चीत जागा असतो, कानांत बोळे घालतो, कॉइल टकटक वाजत राहते आणि सत्र संपलं की तो चालत घरी जातो. फिटचा धोका अगदी थोडा. पण डोक्यात धातू किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल तर सहसा देत नाहीत.

स्किझोफ्रेनियाकडे हे वळवलं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी. बोलणं ऐकणारा, डाव्या कानाच्या वरचा मेंदूचा भाग फाजील जागा असावा, हा त्यांचा तर्क. सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी तो शांत करून पाहिला. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बारा रुग्णांचा अभ्यास आला, त्यात आवाज कमी झाले होते. बारा म्हणजे मूठभरच, पण आशा मोठी पसरली.

पुढचं चित्र इतकं उजळ नाही. मोठ्या चाचण्यांत कधी फायदा दिसला, कधी तुलनेसाठी वापरलेल्या खोट्या कॉइलइतकाच. स्किझोफ्रेनियातल्याच अबोलपणा, निरुत्साह यांसाठी जर्मनीत १७५ रुग्णांवर चाचणी झाली. २०१५ चा तिचा निकाल निराशाजनक होता. अमेरिकेत नैराश्यासाठी २००८ मध्ये मिळालेली मान्यता स्किझोफ्रेनियापर्यंत पोचलेली नाही. म्हणून गोळ्या बंद करून चुंबकाच्या मागे लागणं मला तरी धोक्याचं वाटतं. गोळ्यांनी न हटणाऱ्या आवाजांसाठी, गोळ्या चालू ठेवूनच तो विचारात घ्यावा. त्यातही आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे सत्रं. देवगडच्या माणसाने त्यासाठी मुंबई-पुण्यात राहायचं कुठे आणि सोबत कोण, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं लागतं.