कवळी मधोमधच का तुटते

आमच्या आजीची कवळी दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा एकाच जागी, वरच्या कवळीच्या समोरच्या दोन दातांमधून. पहिल्यांदा नारायण पेठेतल्या घराच्या मोरीत धुताना ती हातातून निसटली. काकांनी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडून टाकली आणि मग दंतवैद्यांकडून बोलणी खाल्ली, कारण जोड केसभर सरकला तरी कवळी टाळूवर बसत नाही. दुसऱ्यांदा मात्र ती कुठे पडलीच नव्हती. जेवताना भाकरीचा कडक पापुद्रा चावला आणि तोंडातच टक् झालं.

दुरुस्तीला ज्यांच्याकडे नेली त्या टेक्निशियनची लॅब म्हणजे एका वाड्याच्या जिन्याखालची खोली. प्लास्टरची पांढरी धूळ, मेणाचा वास, गॅसवर उकळणारं पाणी. त्यांनी दोन्ही तुकडे दिव्याखाली धरले. "ताई, ही पडून तुटलेली नाही, थकून तुटलीये," ते म्हणाले. वरच्या ओठाच्या आतून हिरडीकडे जी बारीक दोरी येते, तिला जागा देण्यासाठी कवळीला समोर एक खाच ठेवावी लागते. तडा तिथून निघाला होता. टाळूचं हाड मधोमध टणक असतं आणि दोन्ही बाजूंच्या हिरड्या वर्षागणिक झिजत जातात. मग प्रत्येक घासाला कवळी त्या टणक रेषेवर किंचित वाकते. रोज शेकडो वेळा, वर्षानुवर्षं. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तसाच प्रकार.

कवळीच्या प्लॅस्टिकमध्ये नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, घालून ती मजबूत करण्याची खटपट प्रयोगशाळांत चालू आहे. तिची पार्श्वभूमी खरं तर या तड्यातच आहे.

अठराव्या शतकापर्यंतच्या कवळ्या हस्तिदंताच्या, पाणघोड्याच्या दाताच्या, जपानात तर चक्क लाकडाच्या. त्या श्रीमंतांच्या, आणि चावण्यापेक्षा मिरवण्याच्या. सामान्य माणसाच्या तोंडात कवळी आली ती रबरामुळे. चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक घालून ते तापवण्याचं पेटंट 1844मध्ये घेतलं. पुढे गंधकाचं प्रमाण वाढवून कडक रबर तयार झालं, तेच व्हल्कनाइट. हे तोंडाच्या मापावर हुबेहूब बसे आणि स्वस्तही होतं. पण रंग विटकरी आणि वास मुरणारा. त्याच्या पेटंटवरून अमेरिकेत एवढी भांडणं झाली की 1879मध्ये सॅम्युअल चॅलफंट नावाच्या एका दंतवैद्याने पेटंटवाल्या कंपनीच्या जोसाया बेकन या अधिकाऱ्याला सॅन फ्रान्सिस्कोत गोळी घालून ठार केलं. कवळीच्या कच्च्या मालासाठी खून झाला, हे आजीला सांगितलं तेव्हा तिला ते मुळीच विशेष वाटलं नाही.

1930च्या दशकात ॲक्रिलिक आलं: पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे पीएमएमए. काचेसारखं पारदर्शक म्हणून त्याचे पत्रे प्लेक्सिग्लास आणि पर्स्पेक्स या नावांनी विकले जात, आणि महायुद्धातल्या विमानांच्या खिडक्यांना ते वापरलं गेलं. पावडर आणि द्रव एकत्र कालवून कणकेसारखा गोळा करायचा, साच्यात दाबायचा आणि तापवायचा, ही रीत 1936च्या सुमारास जर्मनीत कुल्झर कंपनीने आणली. पुढच्या दहा वर्षांत व्हल्कनाइट जवळजवळ हद्दपार झालं. हेच प्लॅस्टिक डोळ्यात बसवायच्या पहिल्या कृत्रिम भिंगासाठी वापरलं गेलं आणि गुडघा बदलताना सांधा पक्का करायच्या सिमेंटमध्येही तेच असतं. गुडघे बदललेल्या आणि कवळी लावणाऱ्या माणसाच्या शरीरात ते दोन ठिकाणी असू शकतं.

लॅबमध्ये आजही कृती जवळपास तीच आहे. मेणात दात लावून ट्रायल होते. मग फ्लास्कमध्ये, म्हणजे दोन भागांच्या धातूच्या डबीत, प्लास्टर भरायचं, उकळत्या पाण्याने मेण घालवायचं आणि राहिलेल्या पोकळीत गुलाबी कणीक भरायची. आकारमानाने पावडर तीन भाग, द्रव एक भाग. मग मंद आच: साधारण 74 अंश सेल्सिअसला काही तास, आणि शेवटी थोडा वेळ उकळी. घाई केली तर द्रव आतल्या आत उकळतो, कारण तो 100 अंशांच्या जरासा वर उकळतो, आणि जाड भागात बुडबुडे राहतात. असा बुडबुडा म्हणजे पुढच्या तड्याची जन्मखूण.

या ॲक्रिलिकचं बाकी सगळं छान आहे. रंग हिरडीचा, वजन हलकं, दुरुस्ती सोपी. फक्त ते ठिसूळ. त्यामुळे नव्वद वर्षं लोक त्यात काही ना काही घालून बघत आहेत. आधी धातूची तार आणि जाळी. पण धातू आणि ॲक्रिलिक एकमेकांना नीट चिकटत नाहीत, आणि तडा त्या सांध्यातूनच वाट काढतो. मग पावडरीतच रबराचे बारीक कण घातलेलं ‘हाय इम्पॅक्ट’ ॲक्रिलिक आलं. ते पडल्यावर सहसा फुटत नाही, पण महाग, आणि थोडं लवचीकही होतं. कार्बनचे धागे मजबूत, पण काळे. गुलाबी हिरडीत काळी रेघ कोणाला हवी? केवलार या कृत्रिम तंतूचे धागे पिवळे. काचेचे धागे त्यातल्या त्यात टिकले, कारण ते दिसत नाहीत आणि त्यांच्यावर सिलेन नावाच्या रसायनाचा लेप दिला की ॲक्रिलिकशी त्यांचं रासायनिक नातं जुळतं. सिलेनचं एक टोक काचेला धरतं आणि दुसरं प्लॅस्टिकला. नॅनोकणांच्या कामी पुढे हीच युक्ती आली.

प्लॅस्टिकमध्ये अतिसूक्ष्म कण घालून ते बळकट करता येतं, हे कवळीवाल्यांनी शोधलेलं नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये टोयोटाच्या प्रयोगशाळेने नायलॉनमध्ये थोडीशी चिकणमाती नॅनो पातळीवर विखुरली आणि नायलॉन लक्षणीय ताठ झाला. जादू सगळी पृष्ठभागाची. एक घन सेंटिमीटर पदार्थाचे 10 नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढे, ठोकळे केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग 600 चौरस मीटर भरतो. पुण्याच्या हिशोबात सात-आठ टू बीएचके. एवढ्या पृष्ठभागाला प्लॅस्टिक घट्ट धरून बसलं, की तड्याला सरळ धावता येत नाही. प्रत्येक कणाशी त्याला वळावं किंवा थांबावं लागतं.

मग कवळीच्या ॲक्रिलिकमध्ये झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड), टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिका, ॲल्युमिना, कार्बन नॅनोट्यूब, चांदी असं सगळं घालून झालं. झिर्कोनिया सगळ्यांत लाडका, कारण तो कठीण आहे आणि पांढरा आहे. चांदीचा हेतू वेगळा. कवळीखाली टाळू लाल होऊन चुरचुरते, त्यामागे बऱ्याचदा कॅन्डिडा ही बुरशी असते आणि चांदी तिला आवरते. बाळाला चांदीच्या वाटी-चमच्याने भरवणाऱ्या घरांना ही कल्पना परकी वाटू नये. फक्त चांदीने कवळीचा गुलाबी रंग काळपटतो.

इथे पुण्याचा एक गमतीदार धागा आहे. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, 1950पासून आहे. तिथे मुरली शास्त्री यांच्या गटाने 2000च्या दशकाच्या सुरुवातीला चांदीचे नॅनोकण चक्क बुरशीकडून बनवून घेतले. ते काम कवळीसाठी नव्हतं. पण ज्या चांदीने कवळीवरची बुरशी मारायची, ती चांदी दुसऱ्या एका बुरशीकडून मिळू शकते, हे मला फार आवडतं.

आता अडचण. ती मला सांगितली टेक्निशियनने, आणि भाषा स्वयंपाकघराची. "पिठल्यात गुठळ्या कधी होतात? पीठ एकदम टाकलं की." नॅनोकण एकमेकांना घट्ट चिकटतात. नीट न विखुरता त्यांची गुठळी झाली, की ती ॲक्रिलिकच्या आत खड्यासारखी बसते आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून कण थोडे घातले तर ताकद वाढते, आणि एका मर्यादेपुढे उलटी घसरते. सिलेनचा लेप, द्रवात अल्ट्रासाउंडने कण सुटे करणं, हे सगळे उपाय त्या गुठळीवरचेच. शिवाय वाकवण्याची ताकद वाढली म्हणून आपटण्याची वाढेलच असं नाही; काही प्रयोगांत ती कमीही झाली.

प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे कृत्रिम दातांच्या शाखेत, एमडीएस ही दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी करणाऱ्यांना प्रबंधासाठी हा विषय सोयीचा पडतो, असं माझं मत. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 64 मिलिमीटर लांब, 10 रुंद आणि 3.3 जाड अशा पट्ट्या करायच्या, पाण्यात ठेवायच्या आणि यंत्रात मधोमध दाबून मोडायच्या. मोडताना आलेला ताण 65 मेगापास्कलच्या (ताणाचं एकक) वर गेला की उत्तीर्ण. आकडे हाती येतात, तक्ते होतात. पण पट्टीला ना खाच असते, ना झिजलेली हिरडी, ना गरम चहानंतर पन्ह्याचा घोट. तोंडात वर्षानुवर्षं वापरून घेतलेल्या चाचण्या त्या मानाने फार थोड्या. कण झिजून लाळेत उतरतात का, हाही प्रश्न आहेच.

मी टेक्निशियनना विचारलं, झिर्कोनियाची पावडर घालून बघणार का. "पावडर मिळेल हो. घोटायची कोणी? माझ्याकडे चमचा आणि काचेची बरणी." त्यांनी आजीच्या कवळीच्या तड्याच्या दोन्ही कडा तिरप्या घासल्या, मध्ये काचेच्या धाग्यांची जाळी ठेवली आणि कोल्ड क्युअरने, म्हणजे न तापवता घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकने, भरून काढलं. दोन दिवसांनी कवळी घ्यायला गेले, तर पैसे घेण्याआधी बेसिनमध्ये निम्मं पाणी भरून मगच कवळी धुवायची, असं त्यांनी दोनदा बजावलं.