सहा जागा आणि उघडे चेहरे : आइस हॉकीतील गोलरक्षकाच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेला प्रत्येक जण गोलकीचा गुरू होतो. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असो, नाहीतर शिवाजी आणि खंडोबाचा, चेंडू हातातून निसटला रे निसटला, की ‘गोलकी बदला’ अशी आरोळी उठते. ही आरोळी देता येते, कारण बदली गोलकी हातमोजे घालून बाकावर बसलेला असतो. बर्फावरच्या हॉकीत मात्र कित्येक दशके असा बाकावरचा माणूसच नव्हता, आणि त्या खेळातील गोलरक्षकाच्या कारकिर्दीला जे विचित्र वळण लागले त्याचे मूळ या एका उणिवेत आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडे हॉकी म्हणजे टर्फवरची. बर्फावरची हॉकी बहुतेकांना मोबाइलवरच्या तुकड्यांतूनच ठाऊक असते. त्या तुकड्यांत दिसणारा, डोक्यापासून पायापर्यंत चिलखत चढवलेला गोलरक्षक पाहून वाटते, की तो पहिल्यापासून असाच असणार. प्रत्यक्षात त्याचा चेहरा झाकला जायला 1959 साल उजाडावे लागले.

आधी कामाचे स्वरूप पाहू. गोलची चौकट 6 फूट रुंद आणि 4 फूट उंच असते. पक म्हणजे कडक रबराची चकती. व्यास 3 इंच, जाडी 1 इंच, वजन 156 ते 170 ग्रॅम, म्हणजे साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढे. सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवतात, म्हणजे ती बर्फावर उसळत नाही, सरळ घसरते. ताकदीचा फटका ताशी 160 किलोमीटरच्या पुढे जातो, आणि तोही बहुधा चार-पाच खेळाडूंच्या पायांच्या गर्दीतून येतो. फलंदाजाला निदान गोलंदाजाचा हात दिसतो. या माणसाला पुष्कळदा फटका निघालेलाच दिसत नाही.

बंदिस्त रिंकवरचा पहिला जाहीर सामना 3 मार्च 1875 रोजी मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकवर झाला. त्या काळच्या गोलरक्षकाने उभे राहूनच बचाव करायचा असे. खाली पडून पक अडवला तर शिक्षा होई. 1917 च्या नोव्हेंबरात नॅशनल हॉकी लीग, म्हणजे आजची एनएचएल, स्थापन झाली, तेव्हाही हाच नियम होता. ओटावाचा क्लिंट बेनेडिक्ट मात्र वारंवार ‘तोल जाऊन’ गुडघ्यावर येई. त्याला ‘प्रार्थना करणारा बेनी’ असे टोपणनावच पडले होते. पंचांना त्याच्या हेतूचा न्याय करता येईना, तेव्हा 1918 च्या जानेवारीत लीगने नियमच बदलला आणि गोलरक्षकाला बर्फावर झोकून देण्याची मोकळीक मिळाली. मोकळीक मिळाली खरी, पण त्यामुळे त्याचा चेहरा आता पकच्या उंचीवर आला.

पायांच्या संरक्षणाची कथा आपल्या ओळखीची आहे, कारण ती क्रिकेटच्या पॅडपासून सुरू होते. सुरुवातीचे गोलरक्षक क्रिकेटचेच पॅड बांधत. त्यांचा गोलाकार पृष्ठभाग फलंदाजाला सोयीचा असला, तरी पक त्यावरून घसरून थेट जाळीत जाई. कॅनडातील हॅमिल्टन गावात एमिल केनेस्की नावाचा, घोड्यांचे साज शिवणारा कारागीर होता. त्याने 1924 च्या सुमारास हे पॅड रुंद करून सपाट चामड्याचे केले आणि आत हरणाचे केस व कापोक, म्हणजे आपल्या सावरीच्या जातीचा कापूस, ठासून भरला. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरण्यासाठी वापरतो. इथे मात्र खोगीर भरणाऱ्या हातांनीच एका खेळाचे रूप पालटले. चपलेच्या तळव्याचे थर ठोकून बसवणारा कोल्हापूरचा कारागीर त्या पॅडची शिवण पाहून नक्की मान डोलावेल. एक दोष मात्र होता. चामडे आणि कापूस बर्फाचे पाणी पीत, आणि सामन्याच्या अखेरीस पाय मणाचे होत.

संघात गोलरक्षक एकच असे. तो जखमी झाला तर खेळ थांबवायचा, टाके घालून त्याला परत आणायचा, आणि तो अगदीच उभा राहू शकत नसेल तर शोधाशोध करायची. या शोधाशोधीचे गाजलेले उदाहरण 1928 च्या स्टॅन्ले चषकाच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीतले आहे. न्यूयॉर्क रेंजर्सच्या लॉर्न शाबोच्या डोळ्याला पक लागला. ओटावाचा गोलरक्षक अॅलेक कॉनेल प्रेक्षकांत बसलेला होता, पण प्रतिस्पर्धी मॉन्ट्रियल मरून्सने त्याला खेळू देण्यास नकार दिला. मग रेंजर्सचे 44 वर्षांचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्वतःच गोलमध्ये उभे राहिले, त्यांनी एकच गोल खाल्ला आणि जादा वेळेत रेंजर्स 2-1 ने जिंकले. ही कथा सांगणारे पॅट्रिक यांच्या धैर्याचे गुणगान करतात. मला त्यात व्यवस्थेचा कंजूषपणाही तेवढाच दिसतो.

1942 ते 1967 ही पंचवीस वर्षे एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. सहा संघ, प्रत्येकी एक गोलरक्षक. म्हणजे या व्यवसायाच्या शिखरावर जगभरात मिळून सहा जागा. खालच्या लीगांमध्ये त्या सहांपैकी कोणाची तरी जागा रिकामी होण्याची वाट पाहणारे डझनावारी होते. जॉनी बॉवर हा त्यांच्यातला एक. 1953-54 मध्ये तो रेंजर्ससाठी हंगामातील सर्वच्या सर्व 70 सामने खेळला, तरी पुढल्या हंगामात त्याची जागा गेली आणि तो पुन्हा खालच्या लीगेत फेकला गेला. टोरोंटोने त्याला 1958 मध्ये घेतले तेव्हा तो चौतिशीला टेकला होता. त्यानंतर त्याने चार स्टॅन्ले चषक जिंकले, ही गोष्ट वेगळी.

टेरी सॉचकचा प्रवास याहून बोलका आहे. 1929 साली विनिपेगमध्ये युक्रेनियन वंशाच्या कुटुंबात तो जन्मला. गोलरक्षक असलेला त्याचा मोठा भाऊ सतराव्या वर्षी हृदयविकाराने गेला आणि त्याचे पॅड धाकट्याने पायाला बांधले. लहानपणी मोडलेला उजवा हात नीट न जुळल्याने तो कायमचा आखूड राहिला. 1952 च्या बाद फेरीत डेट्रॉइटने आठही सामने जिंकले, त्यांपैकी चार सामन्यांत सॉचकने एकही गोल होऊ दिला नाही. 1955 मध्ये त्याने संघाला आणखी एक चषक मिळवून दिला, आणि त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याला बोस्टनला देऊन टाकले. कारण एवढेच, की खालच्या संघात ग्लेन हॉल नावाचा तरुण तयार झाला होता. बोस्टनला सॉचक आजारी पडला, खचला आणि 1957 च्या जानेवारीत भर हंगामात संघ सोडून गेला. मग डेट्रॉइटने त्याला परत आणले आणि त्याच्यासाठी जागा करण्याकरिता हॉलला शिकागोला पाठवले. दोघेही त्या काळातील सर्वोत्तमांपैकी होते, पण खुर्ची एकच होती.

या पार्श्वभूमीवर मुखवट्याचा प्रश्न समजून घ्यायला हवा. मुखवटा कोणाला सुचलाच नव्हता, असे मुळीच नाही. क्वीन्स विद्यापीठाच्या महिला संघाची एलिझाबेथ ग्रॅहम 1927 मध्येच तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा लावून गोलमध्ये उभी राहिली होती. तिच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यात गुंतलेला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 1930 मध्ये त्याच क्लिंट बेनेडिक्टने, हाउई मोरेंझच्या फटक्याने तोंड फुटल्यावर, कातड्याचा मुखवटा लावून पाहिला आणि खालचे दिसत नाही म्हणून थोड्याच दिवसांत टाकून दिला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे लीगच्या सामन्यांत मुखवटा रुजला नाही. प्रशिक्षकांचे म्हणणे ठरलेले असे : मुखवट्याने नजर अडते, आणि तो लावणारा भित्रा असतो. ज्याच्या मागे डझनभर उमेदवार उभे आहेत, त्याला भित्रा म्हणवून घेणे कसे परवडणार? चेहऱ्यावर टाके घेऊन पुन्हा उभे राहणे हीच नोकरी टिकवण्याची अट होती. 1966 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने रंगभूषाकाराकडून सॉचकच्या चेहऱ्यावर आजवर पडलेल्या सगळ्या टाक्यांच्या खुणा पुन्हा रंगवून घेतल्या आणि छायाचित्र छापले. कपाळ, भुवया, नाक, ओठ, हनुवटी, कुठेही शिवण नाही अशी जागा शोधावी लागते.

ग्लेन हॉलने ही जागा धरून ठेवण्याचा जो विक्रम केला तो आता मोडणे अशक्य आहे. 1955 ते नोव्हेंबर 1962 या काळात तो साखळी फेरीचे सलग 502 सामने, पूर्ण वेळ आणि मुखवट्याविना खेळला. प्रत्येक सामन्यापूर्वी त्याला उलटी होई. सहकाऱ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की त्याशिवाय सामना सुरू झाल्यासारखे वाटत नसे. अखेर पाठीने दगा दिला आणि साखळी तुटली.

ही कोंडी फोडली ती मॉन्ट्रियलच्या जॅक प्लांटने. क्वेबेकमधील अकरा भावंडांतला हा थोरला, स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणणारा, दम्याचा रुग्ण आणि थोडा हेकट. गोल सोडून जाळीच्या मागे जायचे आणि पक थांबवून आपल्या बचावपटूसाठी ठेवायचा, ही आज सर्वमान्य झालेली पद्धत त्याने रुजवली. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर तो सरावात मुखवटा लावत असे. बिल बर्चमोरने त्याच्या चेहऱ्याच्या साच्यावर फायबरग्लासचा मुखवटा बनवून दिला होता. सामन्यात मात्र प्रशिक्षक टो ब्लेक यांची सक्त मनाई होती. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटचा फटका त्याच्या नाकावर बसला. टाके घालून झाल्यावर प्लांटने सांगितले, की मुखवटा नसेल तर मी बर्फावर परत येणार नाही. ब्लेक यांच्याजवळ दुसरा कामाचा गोलरक्षक नव्हता. ज्या एकमेव जागेच्या धाकाने बाकीचे गप्प बसले, त्याच एकमेव जागेचा प्लांटने हत्यार म्हणून उपयोग केला. मॉन्ट्रियल 3-1 ने जिंकले आणि पुढेही बरेच सामने हरले नाही. ब्लेक यांच्या आग्रहावरून 8 मार्च 1960 ला त्याने मुखवटा काढला, तो सामना 3-0 ने गेला, आणि मग हा विषय कोणी काढला नाही. तरीही सगळे चेहरे झाकले जायला वेळ लागला. मुखवट्याविना खेळलेला लीगमधला शेवटचा गोलरक्षक पिट्सबर्गचा अँडी ब्राउन, आणि साल होते 1974.

1965-66 पासून प्रत्येक संघाने दोन गोलरक्षक तयार ठेवावेत असा दंडक आला आणि 1967 मध्ये संघ सहाचे बारा झाले. ज्यांना निवृत्त व्हावे लागले असते त्यांना नवे आयुष्य मिळाले. सेंट लुइसच्या नव्या संघात चाळिशीचा प्लांट आणि त्याच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान हॉल एकाच जागेसाठी न भांडता आळीपाळीने खेळले, आणि गोलरक्षकांसाठीचा 1968-69 चा वेझिना करंडक दोघांना मिळून मिळाला. सॉचकच्या वाट्याला हा सुखाचा उत्तरार्ध आला नाही. सहकाऱ्याबरोबरच्या झटापटीत पोटाला इजा होऊन 1970 मध्ये, चाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या 103 शून्य-गोल सामन्यांचा विक्रम 2009 पर्यंत टिकला.

पुढच्या पिढीची कारकीर्द वेगळी घडली, कारण तिला सौदा करता येऊ लागला. केन ड्रायडन मॅकगिल विद्यापीठात कायदा शिकत खेळला, मोबदल्याच्या वादात 1973-74 चा अख्खा हंगाम त्याने वकिलीच्या उमेदवारीत घालवला, आठ हंगामांत सहा चषक जिंकून 1979 मध्ये एकतिसाव्या वर्षी निवृत्त झाला आणि नंतर कॅनडाचा केंद्रीय मंत्री झाला. सोव्हिएत संघाच्या व्लादिस्लाव त्रेत्याकला मात्र ही मुभा नव्हती. मॉन्ट्रियलने 1983 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, त्याचे नाव घेतले, पण त्याला जाऊ दिले गेले नाही आणि तो पुढच्याच वर्षी थांबला. चेक गोलरक्षक डोमिनिक हाशेक त्याच ड्राफ्टमध्ये थेट 199 व्या क्रमांकावर निवडला गेला होता. 1998 च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात त्याने शूटआउटमध्ये कॅनडाचे पाचही फटके अडवले.

मुखवट्यामुळे शैलीही बदलली. चेहऱ्याची भीती गेल्यावर गुडघे टेकून दोन्ही नडग्या बाहेर पसरायच्या आणि खालची बाजू भिंतीसारखी बंद करायची, ही ‘बटरफ्लाय’ पद्धत सर्रास रुजली. पॅट्रिक रॉयने ती प्रशिक्षक फ्रांस्वा अॅलेर यांच्या हाताखाली घोटली आणि 1986 मध्ये विसाव्या वर्षी बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आज टाके कमी झाले आहेत, पण सामन्यात असंख्य वेळा असे बसण्या-उठण्याने खुब्याचे सांधे झिजतात. मार्टिन ब्रोडरने 691 विजय आणि 125 शून्य-गोल सामने अशी मजल मारली. केरी प्राइसला मॉन्ट्रियलने 2017 मध्ये आठ वर्षांसाठी 8 कोटी 40 लाख डॉलरचा करार दिला. सॉचकच्या पिढीला हा आकडा चेष्टाच वाटला असता.

संघ आता 32 झाले आहेत, म्हणजे सहाच्या चौसष्ट जागा. तरी दोघेही एकाच रात्री जायबंदी होऊ शकतात. 22 फेब्रुवारी 2020 रोजी टोरोंटोत कॅरोलायनाच्या बाबतीत हेच घडले. रिंकवर सज्ज असलेला 42 वर्षांचा डेव्हिड एअर्स, जो एरवी बर्फ साफ करणारे झॅम्बोनी यंत्र चालवी, गोलमध्ये उतरला. पहिले दोन्ही फटके जाळीत गेले, पुढचे आठ त्याने अडवले आणि कॅरोलायना 6-3 ने जिंकले. हौशी माणसाला असे ऐनवेळी उतरवण्याची ही प्रथा आता मोडीत निघते आहे. 2025 मध्ये झालेल्या नव्या करारानुसार 2026-27 च्या हंगामापासून प्रत्येक संघाने आणीबाणीसाठीचा गोलरक्षक पूर्णवेळ पगारावर ठेवायचा आहे.