मागे विंग लावलं की गाडी जास्त पळते?

घरी बांधलेल्या रेस कारला मागे मोठं विंग (पंखासारखी आडवी पट्टी) ठोकलं की वेग वाढतो, हा समज जुनाच. सरळ पट्ट्यावर विंग उलट गाडीला मागे ओढतं. फायदा वळणावर, कारण ते टायर जमिनीवर दाबतं. हा दाब वेगाच्या वर्गाच्या (वेग × वेग) प्रमाणात बदलतो: ताशी 120 किलोमीटरला जेवढा, त्याच्या पावपटच 60 ला. शिवाय मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं विंग पुढची चाकं हलकी करतं आणि गाडी वळायला कुरकुरते.

म्हणून आधी पुढे प्लायवूडचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखालून पुढे आलेली, पुढची चाकं दाबणारी सपाट फळी लावा (त्यावर माणूस उभा राहिला तरी वाकू नये), रेडिएटरभोवतीच्या फटी फोमने बुजवा. मग बॉडीवर लोकरीच्या धाग्याचे तुकडे टेपने चिकटवून गाडी पळवा, शेजारून व्हिडिओ काढा. लोकर सैरावैरा फडफडते तिथे हवा पृष्ठभाग सोडतेय.