धुरा कोरल्याला वीस वर्षं झाली

आमच्या काकांच्या शेजाऱ्यानं वखर फिरवता फिरवता धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, कोरला आणि तुरीची एक अख्खी ओळ आमच्या वावरातून गेली. त्याला आता वीस वर्षं झाली. पण पारावर कुणी विषय काढला की काकांच्या मानेच्या शिरा आजही तट्ट फुगतात, हातातली कपबशी वाजायला लागते.

धुऱ्याचं भांडण विदर्भात गावोगावी आहे. ते शरीरात कसं मुक्काम करतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

कानशिलाच्या आत खोलवर, मेंदूत, बदामाएवढा एक भाग असतो: अमिग्डाला. धोक्याची वर्दी देणं हे त्याचं काम. वर्दी पोचली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात, हृदय धडधडतं, रक्तदाब चढतो. वावरात रानडुक्कर अंगावर आलं तर याच ताकदीनं जीव वाचतो. पंचाईत अशी की नुसती आठवण आली तरी शरीर हीच तयारी करतं, आणि समोर डुक्कर तर नसतंच.

2024 साली अमेरिकेत 280 निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला, पूर्वी ज्या प्रसंगानं संताप आला होता तो फक्त आठ मिनिटं आठवायला सांगितलं. तेवढ्यानं त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता घटली, आणि हा परिणाम चाळीस मिनिटांपर्यंत टिकला. दुःख किंवा काळजी जागवलेल्या गटांत तसं ठळकपणे दिसलं नाही. एकदा आठवल्यानं कुणाला झटका येत नाही. पण काका हा प्रसंग वीस वर्षं आठवताहेत, याची मला धास्ती वाटते.

‘शिव्या घाल, मोकळा हो’ हा सल्ला तर उलटाच पडतो. 2002 च्या एका प्रयोगात 600 विद्यार्थी होते. अपमान करणाऱ्याचा चेहरा मनात आणून ज्यांनी पिशवीवर ठोसे मारले, त्यांचा राग सगळ्यात जास्त राहिला. गप्प बसून राहिलेले त्यांच्याहून शांत होते. तोच प्रसंग लांबून, निंबावर बसलेल्या पाखराच्या नजरेनं पाहिला तर धग कमी होते, असंही मानसशास्त्रज्ञांना आढळलं आहे.

राग सोडायचा म्हणजे जमीनही सोडायची, असं काकांना वाटायचं. मला हे अजिबात पटत नाही. हक्काची मोजणी भूमी अभिलेखकडून करून घ्यावी. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगावी समित्या बसल्या. त्यांच्यापुढेही जाता येतं. या कशालाच रक्तदाब चढवून घ्यावा लागत नाही.

यंदा काकांनी मोजणीचा अर्ज दिला. परवा पारावर कुणीतरी पुन्हा धुऱ्याचं काढलं. काका म्हणाले, “कागद देल्ला ना बाप्पा हापिसात,” आणि कापसाचा भाव विचारू लागले.