लिथुएनियन निसर्गवाचक नावे

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील लिथुएनिया या देशात झाडे, फुले, समुद्र, आकाश आणि हवामान यांच्यावरून ठेवली जाणारी व्यक्तिनामे. रूता (सताप), एग्ले (स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष), लिनस (जवस), रसा (दव), औश्रा (पहाट), गिएद्रे (निरभ्र हवा), गिंतारस (तृणमणी म्हणजे अंबर) ही त्यांतील नेहमी कानावर पडणारी. नावे ऐकताना पुरातन वाटतात, आणि ज्या गाण्यांतून व लोककथांतून ती आली ते भांडार जुने आहेच. पण जन्मनोंदीत सर्रास अशी नावे घालण्याची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या लिथुएनियन सरदारांची नावे बहुधा दोन पदे जोडून केलेली असत. व्हितौतस या नावात ‘तौता’ म्हणजे लोक, मिंदौगस या नावात ‘दौग’ म्हणजे पुष्कळ. या नावांत फुलापानांना जागा नव्हती. १३८७ साली देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. झेमैतिया या पश्चिमेकडील प्रदेशात तो १४१३ पासून पसरू लागला. त्यानंतर बाप्तिस्म्याला संतांची नावे आली आणि खेड्यापाड्यांत योनास, पेत्रस, ओना, मारिया हीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. निसर्गातले काही शब्द टोपणनावांवाटे आडनावांत तेवढे टिकले. विल्कास (लांडगा) हे त्यातलेच एक.

बदल घडला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या राष्ट्रीय जागृतीमुळे. रशियन साम्राज्याने १८६४ ते १९०४ या काळात लॅटिन लिपीतील लिथुएनियन छपाईवर बंदी घातली होती. पुस्तके शेजारच्या, जर्मनीत असलेल्या पूर्व प्रशियात छापून चोरवाटांनी सीमेपलीकडे आणली जात. या जागृतीचे एक पुढारी योनास बसानाविचियुस यांच्या पुढाकाराने १८८३ मध्ये निघालेले नियतकालिक असेच तिकडे छापले जाई आणि त्याचे नाव होते ‘औश्रा’. भाषेवरच घाला पडल्यावर घरातल्या मुलीला त्या भाषेतल्या पहाटेचे नाव देणे ही साधी हौस राहत नाही. १९१८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर शिक्षित कुटुंबांत अशी नावे वाढली आणि सोव्हिएत काळातही ती मागे पडली नाहीत. रसा, औश्रा, सौलियुस, गिंतारस ही आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पिढीची ओळखीची नावे आहेत.

सर्वांत खोल मुळे एग्ले या नावाची. ‘सापांची राणी एग्ले’ ही लोककथा ल्युद्विकस युत्सेविचियुस यांनी १८३७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. पोहून आलेल्या एग्लेच्या कपड्यांत एक साप शिरून बसतो आणि लग्नाचे वचन घेतल्याशिवाय हलत नाही. समुद्रातळी तो झिल्विनस नावाचा देखणा राजा निघतो. वर्षांनी एग्ले मुलांना घेऊन माहेरी येते. तिचे भाऊ धाकदपटशा दाखवून मुलांकडून बापाचे नाव काढू पाहतात. मुलगे बधत नाहीत, धाकटी मुलगी घाबरून सांगून टाकते. भाऊ किनाऱ्यावर त्याच नावाने हाक मारतात आणि आलेल्या झिल्विनसला विळ्यांनी मारतात. रक्ताळलेला फेस पाहून एग्ले मुलांना झाडे करते: आझुओलस ओक, उओसिस अॅश, बेर्झस भूर्ज, आणि द्रेबुले ही कन्या वाऱ्याच्या झुळकीनेही थरथरणारा अॅस्पेन. स्वतः ती स्प्रूस होते. एग्ले आणि झिल्विनस ही नावे मुलांना आवडीने ठेवली जातात. आझुओलसही नव्या पिढीत दिसते. द्रेबुले मात्र सहसा कोणी ठेवत नाही, आणि कथा ठाऊक असणाऱ्याला त्याचे कारण विचारावे लागत नाही.

रूता ही लिथुएनियाची राष्ट्रीय वनस्पती मानली जाते. मराठी घरांच्या परसात जिला सताप म्हणतात ती हीच उग्र वासाची वनस्पती. लिथुएनियन खेड्यांत अविवाहित मुली घरापुढे रूतेचा वाफा राखत, तिची वेणी डोक्यावर घालत, आणि लग्नविधीत ती उतरवली जाई. कौमार्याचे हे चिन्ह लोकगीतांतून जितके आळवले गेले तितके दुसरे कोणतेच फूल आळवले गेले नसेल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकणाऱ्या जलतरणपटू रूता मेइलुतीते यांच्यामुळे हे नाव जगाच्या कानावर गेले. लोकगीतांत ओक हा तरुणाचा आणि लिंडन म्हणजे लिएपा हा तरुणीचा वृक्ष. जुलै महिन्यालाही ‘लिएपा’ म्हणतात, आणि अलीकडे मुलींसाठी हे नाव फार लोकप्रिय आहे.

समुद्राकडून युराते (युरा म्हणजे समुद्र) आणि गिंतारस, गिंतारे ही नावे येतात. कोळी कास्तीतिसवर प्रेम करणाऱ्या युराते देवीचा तृणमण्यांचा महाल पेर्कूनस या मेघगर्जनेच्या देवाने विजेने फोडला. वादळानंतर किनाऱ्यावर सापडणारे तुकडे त्याचेच, असे दंतकथा सांगते.

नाव घडवण्याची रीत सोपी आहे. पुरुषनामे साधारणपणे ‘अस’, ‘इस’, ‘उस’ यांनी, स्त्रीनामे ‘आ’ किंवा ‘ए’ यांनी संपतात, त्यामुळे प्रत्यय बदलून जोडी तयार होते: लिनस–लिना, उग्नियुस–उग्ने (आग), औद्रियुस–औद्रा (वादळ). सूर्य, ‘सौले’, लिथुएनियन भाषेत स्त्रीलिंगी आहे. सौले हे मुलीचे आणि सौलियुस हे मुलाचे नाव.

मराठी वाचकाला यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतील. उग्निस–अग्नी, औश्रा–उषा, रसा–रस, बेर्झस–भूर्ज हे सगे शब्द आहेत. लिथुएनियन संस्कृतातून निघाली असे काही जण सांगतात, ते चूक आहे. दोन्ही भाषा एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून आल्या आणि लिथुएनियनने जुनी रूपे विलक्षण जपली.

१९९० मध्ये स्वातंत्र्य पुन्हा जाहीर झाल्यानंतरच्या पिढीत उग्ने, मिग्ले (धुके) यांच्याबरोबर गाबिया ही चुलीच्या अग्नीची आणि औस्तेया ही मधमाश्यांची देवताही मुलींच्या नावांत आली. नावांची शुद्ध रूपे राज्य लिथुएनियन भाषा आयोगाच्या नामसंग्रहात पाहता येतात.